२६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी, विषय क्रमांक ६ बद्दल

प्रति,
सरपंचताई, उपसरपंच भाऊ, सगळे सदस्य, ग्रामसेवक साहेब, आणि ग्रामसभेला येणारे व न येता पानठेल्यावरच ठराव पास करणारे सगळे गावकरी,

रामराम, जय भीम, जय सेवालाल, सलाम, ज्याला जो लागतो तो घ्या.

मी २४ तारखेला परत चालली. नागपूर, मुंबई, मग पुढचं लांबचं विमान, म्हणजे २६ ला तुम्ही सभेला बसाल तेव्हा मी ड्युटीवर असेन. नाहीतर पत्र लिहायचं कामच नव्हतं, उभी राहून बोलली असती, तसं आपल्या ग्रामसभेत आजपर्यंत किती बाया उभ्या राहून बोलल्या ते आपल्याला माहीतच आहे. म्हणून लिहून ठेवते, अन् लपवायचं काही नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

पंचायतीच्या बोर्डावरच्या नोटीसचा मी मोबाईलमध्ये फोटो काढला. विषय क्र. ५ घरकुलाची यादी, अन् त्याच्या खाली, "विषय क्र. ६ : बाहेरून आलेल्या मजूर व इतर व्यक्तींना गावात खोली, घर अथवा गोठा राहण्यास न देणेबाबत, तसेच अशा व्यक्तींना रात्री ८ नंतर गावात फिरण्यास मनाई करणेबाबत विचार करणे." खाली सही-शिक्का. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं कोणी गंमत केली.

मी कोण ते सांगायला नको. शाळेमागच्या गल्लीतली, नागपूरला नर्सिंग केलेली, तुमची "लंडनवाली सिस्टर". दहा वेळा सांगितलं की लंडन वेगळं अन् डब्लिन वेगळं, आयर्लंड हा वेगळा देश आहे, तिथल्या माणसाला लंडनवाला म्हटलं तर तो ताटावरून उठून भांडेल, पण जाऊ द्या. २०२२ मध्ये गेली, ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टर लोकांसाठीची इंग्रजीची, परीक्षा दोनदा दिली, बाबांनी वावर गहाण टाकलं होतं ते मागच्या वर्षी सुटलं.

तर मागच्या ऑगस्टमध्ये अर्ध्या गावाचे फोन आले होते मला. टीव्हीवर बातम्या सुरू होत्या ना, आयर्लंडमध्ये भारतीयांना मारून राहिले म्हणून. "तुले कोणी मारलं त नाई ना वं?" सरपंचताई, तुमचा पण आला होता, तुम्ही म्हणाल्या होत्या, "ये वं बाई परत, आपल्या गावात कोण काय म्हणते तुले." खरं सांगते, फोन ठेवल्यावर रडली होती मी. बरं वाटलं म्हणून.

त्या बातम्या काय होत्या ते एकदा नीट सांगते, कारण इथे आल्यावर प्रत्येकाकडून वेगळीच स्टोरी ऐकली. १९ जुलै २०२५ ला डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला पोट्ट्यांच्या टोळक्याने धरून मारलं, रक्तबंबाळ केलं, अंगावरचे कपडे ओढून काढले. तो त्या देशात येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. अन् कारण काय पसरवलं, तर तो लहान पोरांशी वाईट वागला. पोलिसांनी, तिथे त्यांना गार्डा म्हणतात, सांगितलं की असं काहीच नव्हतं. पण मोबाईलवर गोष्ट जिथे पोचायची तिथे पोचून गेली होती. तिथलीच एक आयरिश बाई त्याच्यासाठी थांबली, तिने मदत केली, हे पण लिहून ठेवते.

त्याच्यानंतर १ ऑगस्टला भारतीय दूतावासाने सूचना काढली, की स्वतःची काळजी घ्या, सुनसान भागात जाऊ नका, त्यातही अवेळी. आमच्या रूमवरच्या सगळ्या नर्सेस ते वाचून हसल्या. अवेळी म्हणजे काय बाप्पा? माझी नाइट आठला लागते अन् सकाळी आठला सुटते. डिसेंबरात तिथे दुपारी सव्वाचारलाच अंधार पडते अन् सकाळी साडेआठशिवाय उजाडत नाही. म्हणजे आमचं सगळं जाणं-येणं अवेळीच. आठनंतर फिरू नका म्हटलं तर पेशंटला बघेल कोण? तुमच्या नोटीसमधला आठचा आकडा वाचून मला पहिले तेच आठवलं.

आता जे घरी पण सांगितलं नव्हतं ते.

सप्टेंबर महिना, संध्याकाळचे सात-सव्वासात. लुआस म्हणजे तिथली रस्त्यावरून चालणारी ट्रॅम, तिच्या स्टॉपवर मी उभी होती, वरून जॅकेट, आत युनिफॉर्म. तीन पोट्टे स्कूटरवरून आले, मोठ्यात मोठा तेरा-चौदाचा असेल, आपल्या आठवीतल्या पोरांएवढा. पहिलं अंडं खांबाला लागलं. मला वाटलं खेळून राहिले. दुसरं माझ्या मानेवर फुटलं, कॉलरच्या आत. अंडं कानामागून पाठीवर उतरते ना, ते एकदम नाही उतरत, हळूहळू, गार, अन् टरफलाचा तुकडा मध्येच अडकते. "गो होम" म्हणाले, अजून दोन शब्द म्हणाले ते ग्रामसभेत वाचण्यासारखे नाहीत. स्टॉपवर सात-आठ जण होते, सगळ्यांना एकाच वेळी मोबाईलमध्ये काम निघालं. एक बाई आली, टिश्यूचं अख्खं पाकीट माझ्या हातात दिलं, "सॉरी, लव्ह" म्हणाली, अन् ट्रॅम आली तर दुसऱ्या डब्यात जाऊन चढली. तिचा राग यायला पाहिजे की नाही ते माझं अजून ठरलं नाही.

वॉर्डात पोचून बाथरूममधल्या हात सुकवायच्या मशीनखाली मान धरली, मग हँडओव्हर घेतला. रात्रभर केसातून वास येत होता. पहाटे एका आजोबांची कूस बदलताना ते म्हणाले, कोणी केक करून राहिलं का इथे. मी हो म्हटलं.

तुम्ही म्हणाल लोकच खराब आहेत. तसं नाही ना. खराब असते तर सोपं होतं, सामान बांधून आली असती. ज्या वॉर्डात मी काम करते तिथे मला जेवढा मान मिळते तेवढा मला नागपूरच्या हॉस्पिटलात पण नव्हता मिळाला. भानगड वेगळी आहे. शहर एवढं भराभर बदललं की तिथल्याच माणसाला ते ओळखू येत नाही. कंपन्यांवरचा कर वर्षानुवर्षं साडेबारा टक्के ठेवला म्हणून जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्या आल्या, नदीकाठच्या जुन्या गोदी भागात सगळ्या काचेच्या बिल्डिंगा झाल्या, अन् २००८ च्या मंदीत घरबांधणी जी बसली ती कितीक वर्षं उठलीच नाही. २०११ ला देशाची लोकसंख्या ४६ लाखाच्या आत होती, २०२२ च्या जनगणनेत ५१ लाखावर गेली, त्यात दर पाचातला एक बाहेर जन्मलेला. घराचं भाडं महिन्याला दोन हजार युरोच्या वर, त्याचे रुपये करू नका, छातीत दुखेल. २०२५ मध्ये सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारे बेघर लोक १६ हजाराच्या वर गेले. आता ज्याचं तिशीतलं पोरगं नोकरी करूनही आईबापाच्याच घरी झोपते, त्याला लाइनमध्ये पुढे उभी कोण दिसते, तर मी दिसते. कंपनी दिसत नाही, तीस वर्षांतलं सरकार दिसत नाही. मी दिसते, माझा रंग लांबून दिसते.

२३ नोव्हेंबर २०२३ चं पण सांगते, तेव्हा मी नाइटवर होती. दुपारी पार्नेल स्क्वेअरला शाळेबाहेर एकाने चाकू चालवला, तीन लहान लेकरं अन् त्यांना सांभाळणारी बाई जखमी. तो माणूस मूळ बाहेरच्या देशातला आहे असं पसरलं अन् अंधार पडल्यावर शहर पेटलं, बसा जाळल्या, ट्रॅम जाळली, पोलिसांच्या गाड्या जाळल्या, दुकानं फोडली अन् बूट लुटून नेले, म्हणजे देशप्रेम पण साइज पाहून. अन् त्या चाकूवाल्याला हेल्मेटने हाणून खाली पाडणाऱ्यांत कोण होता, तर ब्राझीलहून आलेला डिलिव्हरीवाला. तो पण बाहेरचाच.

अन् हे कोणाच्या देशात होते? ज्यांच्याइतकं घर सोडून जगात कोणी गेलं नसेल त्यांच्या. १८४५ पासून सात वर्षं त्यांचा बटाटा रोगाने सडला, दहा लाखाच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त जहाजात बसून निघून गेली. नदीच्या काठावर त्या लोकांचे पुतळे आहेत, हाडं निघालेले, हातात गाठोडं, बंदराकडे चाललेले. मी पहिल्यांदा पाहिलं तर मला आपल्याकडचा दुष्काळ आठवला, बुढ्या लोकांनी सांगितलेला. आमच्या वॉर्डात एक आजी होती, तरुणपणी इंग्लंडला कामाला गेलेली, ती सांगे की खोली पाहायला जायचो तेव्हा मैत्रिणीला बोलू द्यायचो, कारण माझं बोलणं ऐकलं की घरमालकीण दार लावून घे. मग हसे अन् म्हणे, तू तरी दिसतेस, आम्ही दिसत पण नव्हतो.

(वराडकरांचं विचाराल म्हणून आधीच सांगते. हो, २०१७ मध्ये त्यांचा पंतप्रधान झाला तो लिओ वराडकर, त्याचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर, अन् आई आयरिश नर्स. आपण सगळ्यांनी किती छाती फुगवली होती, आपला मराठी माणूस म्हणून. त्या गावाने पण त्याच्या बापाला आठनंतर फिरू नको म्हटलं असतं तर काय झालं असतं, असं मी नाही म्हणत, कोकणातल्या लोकांनी हे पत्र वाचलं तर उगीच भांडण लागेल.)

एक गोष्ट स्वतःबद्दल पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी फार शहाणी वाटेन. आम्ही नर्सेस रूमवर बसतो तेव्हा आमच्या पण तोंडून निघते, "हे जे होड्यांत बसून, कागदपत्रं नसलेले येतात ना, त्यांच्यामुळे आपलं नाव खराब होते, आपण तर परमिटवाले, टॅक्स भरणारे." मी स्वतः म्हटलं आहे हे, चहा पिता पिता. अंडं मारणाऱ्या पोट्ट्याने माझं परमिट पाहून अंडं मारलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते.

१७ तारखेची सकाळ. मोठ्या काकाजींच्या जुन्या कोठ्यात मध्य प्रदेशातल्या बैतूलकडचं कुटुंब राहून राहिलं आहे, कापसाच्या वेचाईसाठी आलेलं, नवराबायको, म्हातारी अन् दहाएक वर्षांची पोरगी. हापशीवर लाइन होती. जलजीवनचे नळ आले, तोट्या बसल्या, पाणी नाही, त्यामुळे आपलं सगळं त्या हापशीवरच. त्या पोरीचा गुंड, म्हणजे पाण्याची घागर, लाइनमध्ये तिसरा होता. माझी आई गेली अन् तिने तो गुंड पायाने नाही, हाताने, पण उचलून मागे ठेवला. "पहले गाववाले भरेंगे." पोरगी काही बोलली नाही. गेली अन् मागे ठेवलेल्या गुंडाजवळ उभी राहिली, अन् बांगडी फिरवत बसली, एकच प्लास्टिकची बांगडी, गोल गोल.

तिथे सहा-सात बाया होत्या. अन् मी पण होती. मी काय केलं असेल? मी मोबाईल काढला. टिश्यूवाली बाई तरी बरी, तिने सॉरी तरी म्हटलं.

घरी येऊन आईला म्हटलं, आई तू ऑगस्टमध्ये फोनवर रडत होती ना. ती म्हणाली, "तुह्यी गोष्ट अलग हाये. तू शिकली-सवरलेली, नर्स हाये. या लोकायचा काय भरोसा हाये?" मग मी तिला अंड्याचं सांगितलं. पहिल्यांदा. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली. बराच वेळाने विचारलं, "केस धुतले का मंग?" बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली तेव्हा मी झोपलेली होती, तिकडे काय झालं ते मला माहीत नाही अन् मी विचारलं पण नाही.

विषय ६ कुठून आला ते मला माहीत आहे. तीन विहिरींवरून मोटरीचं केबल गेलं, तांब्यासाठी कापून नेलं. ज्याचं गेलं त्याची आग मला समजते, हरभऱ्याला पाणी द्यायच्या टायमाला केबल गेलं म्हणजे काय ते मी वावरातलीच पोरगी आहे. चोर सापडला तर बिनधास्त पोलिसात द्या, तो एमपीचा असो की आपल्या गल्लीतला, मी कोणाची हमी घेत नाही. पण एक विचारते. मागच्या एप्रिलमध्ये पण दोन विहिरींचं केबल गेलं होतं. एप्रिलमध्ये गावात वेचाईवाला एक तरी माणूस होता का? कापूसच नव्हता तर वेचाईवाले कुठून येतील?

पानठेल्यावर मी स्वतः ऐकलं की "ते पोरं पळवणारे पण असू शकतात." हे फार वाईट बोलणं आहे, हात जोडून सांगते. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, आपल्याच महाराष्ट्रातले, मराठी बोलणारे. मोबाईलवर पोरं पळवणाऱ्यांची अफवा होती, लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही मेले. तिथे पण कोणाच्या तरी डोक्यात पहिले एवढंच वाक्य होतं, की "असू शकतात". टालाच्या त्या माणसाला पण असंच एक वाक्य लागलं.

कापसाचं गणित पण सांगता येते. किलोला दहा-बारा रुपये देतो म्हटलं तरी या वर्षी गावात बाया मिळाल्या नाहीत, बोंडं फुटून लोंबत होती, अन् ज्यांच्या घरचे तरणे पोट्टे ते सगळे चाकण-रांजणगावला कंपनीत, एका खोलीत सात-आठ. माझाच चुलत भाऊ सांगत होता की तिकडे घरमालक बोलण्यावरून ओळखतात अन् म्हणतात, विदर्भातल्या पोरांना रूम नाही देत. तो संतापून सांगत होता. संध्याकाळी तोच विषय ६ च्या बाजूने बोलत होता, अन् त्याला यात काहीच विचित्र वाटत नव्हतं, माणसाचं डोकं पण काय असते.

पण हे कापसाचं सांगताना मला कसंतरीच होते. तिथे पण आमच्या बाजूचे लोक हेच बोलतात, नर्सेस निघून गेल्या तर हॉस्पिटलं बंद पडतील. खरं आहे, पडतील. पण म्हणजे उद्या माझी कंबर गेली, मी कामाची राहिली नाही, तर मग अंडं चालेल का? ती म्हातारी काही वेचत नाही, कोठ्यात बसून नातीला सांभाळते. ती कामाची नाही, मग ती कुठे जाईल?

कायद्याचं एकच वाक्य, बाकी ग्रामसेवक साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. देशात कुठेही फिरायचा अन् कुठेही राहायचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये लिहिलेला आहे, अन् ठराव तुम्ही घेऊन राहिले २६ जानेवारीला, सकाळी झेंडावंदन करून, लाऊडस्पीकर तोच ठेवून.

नोंद ठेवायची असेल तर ठेवा ना. मी पण ठेवते. तिथे माझ्याजवळ कार्ड आहे, त्याचे ३०० युरो भरते, बोटांचे ठसे दिले, पत्ता बदलला की कळवते. त्यात मला कधी अपमान वाटला नाही, कारण युरोपाबाहेरून जो कोणी माझ्यासारखा राहायला येतो त्याला तोच नियम. पंचायतीत एक रजिस्टर करा, जो बाहेरून राहायला आला, मजूर असो, टाइल्सवाला असो, टॉवरवाला असो की नव्या लेआऊटमध्ये प्लॉट घेणारा यवतमाळचा मास्तर असो, सगळ्यांचं नाव-गाव-फोन लिहा. मास्तरचं नाव विचारायला जीभ जड होत असेल तर मजुराचं पण विचारू नका. अन् आठ वाजताचं काढून टाका. ज्या देशात मला अंडं पडलं त्या देशात पण मला सरकारने आठनंतर घरात बस म्हटलेलं नाही.

सरपंचताई, विषय ६ तुम्ही स्वतः मागे घेतला तर चांगलंच, नाही तर निदान हे पत्र वाचून मग हात वर करायला सांगा. मोठ्या काकाजींजवळ प्रिंट दिली आहे, ते वाचतील, चष्मा लावायला सांगा, नाहीतर मनाचंच काहीतरी वाचतात.

आणि विषय ६ च्या जागी हापशीचं घ्या. तिचं वायसर गेलं आहे, मी मोजलं, पाणी यायच्या आधी ३८ वेळा हापसावं लागते, मग एक गुंड भरतो अन् परत हवा धरते. म्हणून ती लाइन लागते सकाळी. पंचायत समितीला अर्ज दिवाळीच्या आधीचा आहे, आवक नंबर माझ्या बाबांच्या डायरीत लिहिलेला आहे, पान त्यांना विचारा.

तुमची,
शाळेमागच्या गल्लीतली सिस्टर